नंबर धरणारा माणूस

मी शाळेत इंग्रजी शिकवते. ‘नंबर’ हा शब्द मुलांना शिकवावा लागत नाही, तो ती घरूनच घेऊन येतात. पुस्तकात त्याचा अर्थ ‘संख्या’ असा दिला आहे, आणि नेमका तेवढा एक अर्थ सोडून बाकी सगळ्या अर्थांनी आपण तो वापरतो. चपलेचा नंबर सात असतो. डोळ्यांचा नंबर वाढतो. बस कितव्या नंबरची ते विचारावं लागतं. आईच्या विणकामाच्या सुयांनाही नंबर होते. चांगल्या कॉलेजात जागा मिळाली की नंबर लागतो, आणि थोरलीचं लग्न उरकलं की धाकटीला सगळे विचारतात, आता तुझा नंबर का? भानगडीचा पैसा असला की तो दोन नंबरचा, आणि वर्गात एखादं पोर पोटावर हात ठेवून दोन नंबर म्हणालं की शिकवणं थांबवून त्याला ताबडतोब सोडावं लागतं. मराठीत क्रमांक हा शब्द आहे, नाही असं नाही. पण तो रेल्वेच्या फलाटावर आणि बक्षीस समारंभात राहतो. घरी येत नाही.

माझा धाकटा भाऊ हा शब्द दोन्ही हातांनी उधळायचा. त्याला जे आवडायचं ते एक नंबर. आईची आमटी एक नंबर, पावसाने उघडीप दिली की हवा एक नंबर. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा ऑफिसचं कँटीन एक नंबर, आणि ज्या कंपनीच्या बसमध्ये त्याचं निम्मं तारुण्य ट्रॅफिकमध्ये गेलं ती बससुद्धा, सीट मागे पडते एवढ्यावर, एक नंबर. मी त्याला म्हणायचे, सगळंच पहिलं आलं तर दुसरं येणार कोण? तो म्हणायचा, ताई, पेपर तपासून तपासून तू मार्कांना चिकट झाली आहेस.

पण घरात या शब्दाची खरी मालकी होती ती बाबांची. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. ती पोटापाण्याची सोय. त्यांची विद्या वेगळी होती. ते नंबर धरायचे.

ज्यांनी पेठेत दिवस काढलेले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरांचा दवाखाना होता. ते येईल त्या क्रमाने पेशंट बघत. बाबा पहाटे फिरायला निघताना दवाखान्याच्या पायरीवर आपली कापडी पिशवी ठेवत आणि पुढे जात. पिशवी उडून जाऊ नये म्हणून तिच्यात अर्धी वीट असे. मागाहून येणारा कुणी चप्पल ठेवी, कुणी हेल्मेट, कुणी कालचा पेपर आणि त्यावर दगड. दवाखाना उघडायच्या वेळी माणसं येत आणि आपापल्या वस्तूपाशी उभी राहत. ज्या शहरात फाटकासमोर गाडी लावू नये हे चार तऱ्हांनी लिहून ठेवतात, त्या शहरात या गोष्टीला कधी पाटी लागली नाही. सगळ्यांना ती ठाऊक होती.

एकदा गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी बाबांची पिशवी बाजूला सरकवून स्वतः तिथे बूड टेकलं. बाबा आले. ते गृहस्थ म्हणाले, पिशवीला कुठे काय झालंय, मी इथे स्वतः बसलोय. बाबा म्हणाले, “पिशवीला काही झालेलं नाही. तुम्हाला काय झालंय ते आत गेल्यावर कळेल. मी सांगितलं तर मला फी घ्यावी लागेल.” गृहस्थ उठले. पुढे दोघांची चांगली दोस्ती झाली आणि बाबा त्यांचाही नंबर धरू लागले.

सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे नंबर बाबांनी धरले असतील. शाळाप्रवेशाच्या अर्जांचे, गॅसच्या टाक्यांचे, संकष्टीच्या आधी मोदकांच्या दुकानासमोरचे. यात त्यांना एक पैसा मिळत नसे आणि ती हौस कुठून आली तेही माहीत नाही. एक नियम मात्र पक्का होता. मध्येच कुणाला पुढे घ्यायचं नाही. एखादी बाई गयावया करू लागली, मला फक्त एवढंच विचारायचंय हो, तरी नाही. लोक त्यांना खडूस म्हणत. मी एकदा चिडून विचारलं होतं, एका माणसाला पुढे सोडलं तर तुमचं काय जातं? ते म्हणाले, “माझं काही नाही गं. माझ्या मागे जे उभे आहेत त्यांचं जातं. त्यांच्या वाटचं मी कोण देणार?” मला तेव्हा ते कारकुनी वाटलं होतं.

संध्याकाळी ते नदीपात्राकडच्या कट्ट्यावर जात. तिथली सगळी मंडळी निवृत्त. त्यांच्यातला कुणी गेला की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चर्चा, आता पुढचा नंबर कुणाचा? एकेक जण हात वर करी. बाबा म्हणत, ढकलाढकली करू नका, वयाप्रमाणे या. पुणेरी म्हाताऱ्यांना मरणाची भीती वाटत नाही असं नाही, पण ती दाखवणं त्यांना अपमानाचं वाटतं.

भावाने तिशी ओलांडली त्या वर्षी त्याने एक नंबर मोठे बूट घेतले. जुने घट्ट होतात म्हणाला. नवे बूट चांगले होते, तपकिरी, आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. आईने तर त्याला ते घालायला लावून एका मुलीला बघायला पाठवलं. त्याचे पाय सुजत होते. आई, बाबा, येऊनजाऊन मी, आणि पाय सुजले हे एकालाही दिसलं नाही, बूट दिसले. पुढे कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी त्याला त्याच दिवशी फोन करून बोलावलं. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. इतके दिवस ब्लडप्रेशर आतल्या आत आपलं काम करत होतं.

डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली शीर धमनीला जोडून घेतली, तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागायची, मांजर कुशीत घेतल्यावर लागते तशी. तो माझ्या मुलीला ती ऐकवायचा. ऑफिसचं काम घरून करू लागला. दिवसभरात पाणी किती प्यायचं ते मोजून ठरलेलं, म्हणून आईने घरातले सगळे मोठे पेले माळ्यावर टाकले आणि आम्हीही छोट्या भांड्यांतून पाणी पिऊ लागलो. स्थळांचे फोन नंबर आई एका वधूवर मंडळातून आणायची. ते आणणं तिने बंद केलं.

घरातल्या कुणाची किडनी चालते का ते आधी बघतात. आईचा रक्तगट जुळेना. बाबांचा जुळला, पण त्यांना जुना मधुमेह, डॉक्टरांनी फाइल मिटून परत दिली. माझा जुळला. माझ्या सगळ्या तपासण्या सुरू झाल्या, नवऱ्याने सुट्टी मांडून ठेवली, धायरीहून मी चार कपड्यांची बॅग घेऊन माहेरी येऊन राहिले. आणि शेवटच्या तपासणीत निघालं की माझी एक किडनी जन्मापासून लहान आहे. आजवर मला तिचा काही त्रास नव्हता. ती देऊन उपयोग नव्हता, आणि दुसरी काढली तर मी लहानीवर जगू शकत नव्हते. आत आहे ते देता येत नाही, हे मला आजही झोंबतं. भावाने मला घरी सोडताना गाडी सिंहगड रोडवर बाजूला घेतली आणि म्हणाला, रडून घे, पुढे उड्डाणपुलाचं काम चालू आहे, तिथे थांबता येणार नाही.

मग राहिलं ते मेंदू मृत झालेल्या एखाद्या माणसाच्या घरच्यांनी दिलेली किडनी. त्यासाठी नाव नोंदवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. हॉस्पिटलमध्ये हे काम बघणारी एक मुलगी होती, भावाच्याच वयाची. तिने सगळं समजावून सांगितलं. बाबा एका गोष्टीवर अडून राहिले, आमच्या पुढे कितीजण आहेत? ती म्हणाली, काका, हे तसं नसतं. रक्तगट बघतात, डायलिसिस किती काळ चालू आहे ते बघतात, वय बघतात, अजून बरंच काही. नंबर मागेपुढे होत राहतो.

“म्हणजे आमच्या नंतर आलेला माणूस आमच्या पुढे जाऊ शकतो?”

“जाऊ शकतो.”

“आणि रांग कुठे असते?”

“रांग नसते, काका. तुम्ही इथे यायचं नाही. आम्ही फोन करू. फक्त फोन चालू ठेवा.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. सगळी हयात त्यांनी लवकर उठण्यावर विश्वास ठेवला होता. लवकर उठून जिथे पोचता येत नाही असा नंबर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून ते रोज सकाळी त्या मुलीच्या ऑफिससमोरच्या बाकावर जाऊन बसू लागले. ती आली की नमस्कार करायचे. काही विचारायचे नाहीत, काही मागायचे नाहीत. तासाभराने उठून घरी यायचे. तिने दोनदा सांगून पाहिलं, काका, तुमच्या येण्याने काही बदलत नाही. ते म्हणाले, मला माहीत आहे, बसतो जरा. माहीत होतं का त्यांना? मला नाही वाटत. एके दिवशी मी भावाचे रिपोर्ट आणायला गेले तर बाक रिकामा होता. रिकामा म्हणजे त्यावर बाबांची पिशवी होती. बाबा खाली चहा प्यायला गेले होते. येणारेजाणारे त्या पिशवीच्या बाजूला बसत होते, तिला कुणी हलवलं नव्हतं. मी ती उचलून पाहिली. तिच्यात वीट होती.

भावाला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, ताई, त्यांना सांगू नकोस की तू बघितलंस.

पावसाळ्यात कट्ट्यावरचे एकजण भेटायला आले. चांगले गृहस्थ, भावाला खांद्यावर बसवून गणपती दाखवलेले. जाता जाता दारात म्हणाले, काळजी करू नका, आता रस्ते निसरडे झालेत, ही पोरं हेल्मेट न घालता सुसाट जातात, बघा, आपला नंबर लागेल. बाबांनी त्यांना हात जोडले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

आई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बराच वेळ बसायची. त्या आठवड्यात मी गेले तर दिवा लावलेला होता आणि आई बाहेर पाटावर भाजी निवडत होती. झालं इतक्यात बसून, मी विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, “रोज देवाजवळ बसून मी कुणाच्या तरी पोराचा जीव मागतेय गं. मला कळलंच नव्हतं.” ती पुढेही दिवा लावत राहिली, पण समोर बसणं तिने सोडलं. मला तेव्हा काही बोलायला हवं होतं. देणारे आपल्या दुःखातून देतात, त्यात तुझा दोष कुठे, असं काहीतरी. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत अपघाताची बातमी मीही दोनदा वाचायचे. एवढंच लिहिते.

फोन आला तो एका रविवारी दुपारी. हॉस्पिटलमधली तीच मुलगी बोलत होती. भावाने काही खाऊ-पिऊ नये आणि लगेच यावं. त्याचा दुसरा नंबर होता. एका किडनीसाठी दोघांना बोलावतात, पहिल्याचं रक्त देणाऱ्याच्या रक्ताशी जुळलं नाही, किंवा त्याला ताप, जंतुसंसर्ग काही निघालं, तर दुसरा. मी धायरीहून निघाले. स्वारगेटच्या चौकात सिग्नलला अडकले तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, मॅडम, बरं वाटत नाहीये का? माझे दात वाजत होते.

पहिला नंबर एका बाईंचा होता. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातल्या, माझ्याच वयाच्या, अंगाने वाळलेल्या. सोबत नवरा. त्या बाईंचं आणि भावाचं रक्त घेऊन झालं होतं आणि सगळे एकाच व्हरांड्यात समोरासमोर बसलो होतो. बाबांनी त्या माणसाला विचारलं, तुमचा पहिला का? तो म्हणाला, “व्हय, आमचा पयला हाय म्हनं.” म्हणताना तो शरमला, जसं काही त्याने कुणाची जागा घेतली होती. बाबा म्हणाले, बरं झालं.

बाई खोकल्या. पदर तोंडाला लावून, दाबून. थोड्या वेळाने पुन्हा. मी भावाकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. त्या खोकल्याचा अर्थ आम्हा प्रत्येकाला कळत होता आणि त्या बाईंनाही कळत होता. त्या पुढच्या वेळी उठून लांब कोपऱ्यात जाऊन खोकल्या.

तो माणूस बाबांच्या बाजूला सरकून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “काका, हिला कालधरनं खोकला हाय. डॉक्टरला सांगू का नगं? सांगितलं तर परत पाठवतील वं.” अख्ख्या हॉस्पिटलमध्ये हे विचारायला त्याला दुसरा कुणी दिसला नाही. ज्याच्या मुलाचा दुसरा नंबर होता त्यालाच त्याने विचारलं. म्हातारा माणूस, शिकलेला दिसतो, एवढंच त्याने पाहिलं असेल.

बाबांनी भावाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी त्यांच्या मनात शिरू शकत नाही. सांगा म्हणणं बरोबर होतं, कारण संसर्ग असताना आत नेलं तर त्या बाई दगावल्या असत्या. पण सांगा म्हणण्यात आमचा फायदा होता, आणि बाबांना तो टोचत होता हे मला दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, “सांगा. आत्ताच सांगा. लपवलंत तर त्यांनाच भोगावं लागेल.” तो माणूस उठला. बाबांनी त्याची बाही धरली. “आणि घाबरू नका. नंबर तुमचा आहे. ते तपासतील. साध्या खोकल्याने कुणाचा नंबर जात नाही.” यातलं शेवटचं वाक्य खरं आहे की नाही हे बाबांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टर आले, छातीचा फोटो काढला, पुन्हा तपासलं. मधे एक सिस्टर येऊन भावाला कपडे बदलायला सांगून गेली, आणि त्याने हॉस्पिटलचा हिरवा गाऊन चढवला. तो गाऊन घालून बाकावर बसलेला भाऊ मला आजही दिसतो. केस नीट विंचरलेले, पाय जुळवून, परीक्षेला बसल्यासारखा. मग आतून निरोप आला की खोकला साधा आहे, धुळीचा, आणि रक्त जुळलं आहे. त्या बाईंना आत नेलं. तो माणूस वाकून बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला उठवलं, आधी चहा प्या म्हणाले, खूप वेळ लागेल, उपाशी राहू नका. भावाने गाऊन काढून घडी करून परत दिला.

परतताना तो म्हणाला, भूक लागली आहे. आम्ही स्वारगेटजवळ एका हॉटेलात इडली मागवली. सांबार त्याला चालत नव्हतं, त्याने कोरडीच खाल्ली. बाबा काही खात नव्हते. भावाने त्यांच्या बशीत अर्धी इडली ठेवली आणि म्हणाला, “खा हो बाबा. पुढच्या वेळी पहिला असेन.” बाबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, हो ना, आता पुढचा एक कमी झाला. नंबर असा सरकत नाही हे भावाला माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. भावाने इडली खाऊन हात पुसले आणि मला विचारलं, तिच्या नवऱ्याला कुणी चहा आणून दिला असेल का गं? मला त्याचा राग आला. असा माणूस जगायला हवा की नको?

थंडीत त्याला ताप आला. डायलिसिसच्या पेशंटला ताप येणं म्हणजे काय हे आम्ही तोवर शिकलो होतो. फुप्फुसांत संसर्ग निघाला, तो रक्तात गेला, अतिदक्षता विभागात हलवलं. बाबा पुन्हा त्या मुलीच्या ऑफिसात गेले. ती म्हणाली, ताप उतरेपर्यंत त्यांचं नाव तात्पुरतं बाजूला ठेवावं लागेल. बाबांनी विचारलं, नंबर जाणार नाही ना? ती म्हणाली, “नाही काका. बरे झाले की जिथे होते तिथेच.” मी मागे उभी होते. तिचे डोळे भरले होते, तिने ते कॉम्प्युटरकडे वळवले. देव तिचं भलं करो.

मला आत पाच मिनिटं सोडायचे. त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्याला बोलता येत नव्हतं. पाणी द्यायची परवानगी नव्हती, सिस्टरने बर्फाचा एक छोटा खडा ओठांवर फिरवू दिला. त्याने डोळे मिटून तो चाखला. इतका काळ मोजून पाणी प्यायलेला माणूस. मला आरडाओरडा करून सगळ्यांना सांगावंसं वाटलं, अरे याला एक तांब्या पाणी द्या, काय व्हायचं ते होऊ दे. मी त्याचे पाय चोळले आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

स्मशानभूमीत विद्युतदाहिनीला आमच्या आधी दोन प्रेतं होती. आम्ही थांबलो. ऑफिसातली मुलं आली होती, काहींच्या गळ्यात कंपनीची ओळखपत्रं तशीच, काढायची विसरलेली. आई बायकांमध्ये बसली होती. बाबा एकटे त्याच्याजवळ होते. त्यांनी चादरीवरून त्याच्या पायावर हात ठेवला होता आणि तो काढला नव्हता. आमच्यानंतर दोन कुटुंबं येऊन मागे थांबली.

तिथला कर्मचारी आला आणि म्हणाला, काका, चला, तुमचा नंबर. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मागे वळून ज्यांचे वडील गेले होते त्या मुलांना म्हणाले, “तुम्ही घ्या आधी.”

ती मुलं गोंधळली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. नवऱ्याला वाटलं की बाबांना कुणाची तरी वाट बघायची आहे, त्याने मला विचारलं, कोण यायचं राहिलंय? मी म्हटलं, कुणी नाही. ती मुलं हात जोडून पुढे गेली. बाबा पुन्हा खाली बसले, हात परत पायावर. बराच वेळ गेला. आतला आवाज थांबला. कर्मचारी परत आला. बाबांनी मागे थांबलेल्या दुसऱ्या कुटुंबाला खूण केली, तुम्ही. एक म्हातारी होती त्यांची, नातवंडांनी आणलेली. तेही पुढे गेले. बाबांचे भाऊ, माझे काका, कुजबुजले, अगं, हे काय चाललंय, सांग ना त्यांना. मी त्यांना गप्प बसवलं. मी बाबांकडे गेले, चला म्हणायला. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि भावाचा दुसरा पाय धरला. तो अजून गार पडला नव्हता की माझाच हात गार होता, मला कळेना.

कर्मचारी तिसऱ्यांदा आला. भला माणूस होता, घाई करत नव्हता. नुसता उभा राहिला.

बाबांनी फाटकाकडे पाहिलं. मागे कुणीच आलेलं नव्हतं.